माळव्यातला कायमचा मुक्काम

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर असे दोघेही पडले. नर्मदेपलीकडचा मुलूख त्या दिवसापासून मराठ्यांना मोकळा झाला. अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. ही लढाई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या फौजेत उदाजी पवार होते. बाकी सरदारांचा माळव्यात जम बसण्याआधीच उदाजींनी तिथे स्वाऱ्या केल्या होत्या, त्यामुळे त्यांना या मुलखाची माहिती होती आणि तीच त्यांची खरी किंमत होती. पुढे तीन वर्षांच्या आत, १ एप्रिल १७३१ ला, डभईजवळ बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा उदाजी दाभाड्यांच्या बाजूला होते. दाभाडे मारले गेले आणि उदाजी कैद झाले. पवारांच्या माळव्यातल्या सरंजामाची धुरा नंतर त्यांचे भाऊ आनंदराव यांच्याकडे गेली. धारच्या गादीचा वंश आज आनंदरावांपासून मोजतात. ज्याने वाट पाडली त्याच्या घरात ती गादी राहिली नाही.

परमुलखात नोकरीच्या बळावर कायमचे राहू पाहणाऱ्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. न्यू जर्सीत ग्रीन कार्डासाठी दहा-दहा वर्षे रांगेत थांबलेल्या मराठी इंजिनिअराला तर वाटेलच. त्याला बोलावते कंपनी, अर्ज करते कंपनी, आणि कंपनीची मर्जी फिरली की अर्जही डळमळतो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने या नजरेने कोणी फारशी पाहत नाही. आपल्या इतिहासात ती ‘अटकेपार’च्या अध्यायातली दोन लहान नावे आहेत. माझे म्हणणे असे की कसबी माणसाला परमुलखात आणतो तो धनी, पण त्याचा मुक्काम कायम करतो तो तिसराच कोणी. धन्याला आपला शब्द मागे घेता येईनासा होतो, त्याच दिवशी पाहुणा रहिवासी होतो. धार-देवासचे सव्वादोनशे वर्षांचे दफ्तर हेच सांगते.

आधी सरंजाम म्हणजे काय होते ते पाहू. इनाम पिढीजात चाले आणि गावची पाटीलकी किंवा कुलकर्णीपणाचे वतन तर प्राणापलीकडे जपले जाई. सरंजाम तसा नव्हता. ठरलेले स्वार बाळगायचे, हुजुरातून हुकूम आला की ते घेऊन हजर व्हायचे, त्यांची गणती द्यायची आणि त्या खर्चापोटी अमुक परगण्यांचा वसूल खायचा, असा तो करार होता. चाकरी संपली की वसूल संपला. बाप मेला की मुलाने पुन्हा सनद घ्यायची आणि नजराणा भरायचा. त्यावर आणखी एक पाचर असे. सरंजामदाराच्या पदरचे दरकदार, म्हणजे दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस ही मंडळी, हुजुरातून नेमलेली असत आणि सरदाराला त्यांना मनास येईल तसे काढता येत नसे. म्हणजे हिशेब लिहिणारा आणि शिक्का मारणारा दोघेही पुण्याचे. माळव्यात राजासारखा वागणारा सरदार स्वतःच्या कचेरीत मात्र नोकरच होता.

त्यामुळेच ही मंडळी गावाकडचे घर सोडत नसत. धारच्या पवारांचे मूळ ठिकाण शिरूरजवळचे मलठण, तर देवासच्या पवारांचे पारनेर तालुक्यातले सुपे. उत्तरेत लाखोंचा वसूल करणाऱ्या या घराण्यांनी गावाकडचे हक्क आणि वाडे पिढ्यान् पिढ्या हातचे जाऊ दिले नाहीत. याला केवळ मायभूमीची ओढ म्हणणे भाबडेपणाचे होईल. माळव्यातले सगळे एका पत्राने जाऊ शकते आणि मलठणचे जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज परदेशातल्या नोकरीच्या पैशातून कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्याचा हिशेबही याहून वेगळा नसतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. हे लोक तलवार घेऊन गेले होते, जिंकून घेतलेल्या मुलखात राहायला कोणाची परवानगी लागते? लागत होती, आणि तीही दोन ठिकाणची. एक पुण्याची, जिचा अनुभव उदाजींनी घेतला. दुसरी दिल्लीची, आणि तिच्याकडे आपण फार कमी लक्ष देतो. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ निजाम कोंडीत सापडला आणि माळवा मराठ्यांना मिळवून देण्याचे त्याने कबूल केले. म्हणजे लढून मुलूख ताब्यात आला होता, तरी तो ‘मिळायचा’ बाकी होता. तो मिळाला १७४१ च्या जुलैमध्ये, सवाई जयसिंगांच्या मध्यस्थीने, बाळाजी बाजीरावांना दिलेल्या नायब सुभेदारीच्या रूपाने. कागदोपत्री सुभेदार मोगल शहजादा आणि पेशवा त्याचा नायब. या व्यवहारात एक कलम फार बोलके आहे. पेशव्याने बादशहाशी बेइमानी केली तर आम्ही त्याची चाकरी सोडू, असा जामिनाचा कागद राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव यांनी लिहून दिला. चाकरांनी धन्याबद्दल वरच्या सत्तेला हमी दिली! पेशव्याच्या भरवशावर माळव्यात आलेले पवार आता त्याच पेशव्याचे जामीनदार झाले. त्या कागदाची अंमलबजावणी कधी होणार नव्हती हे सगळ्यांनाच माहीत असावे. पण ज्यांनी माळवा घोड्यांच्या टापांखाली घेतला होता त्यांनाही असा कागद लागला, हेच आक्षेपाचे उत्तर आहे. ताबा तलवारीने मिळाला, मुक्कामाचा हक्क मात्र लिहूनच घ्यावा लागला.

दुसरा आक्षेप खुद्द पवारांच्याच बाजूने येतो. पवार म्हणजे परमार. दहाव्या-अकराव्या शतकात धार ही परमारांची राजधानी होती, भोज राजा त्यांचाच. मग पवार माळव्यात आले ते परके म्हणून कसे, ते तर आपल्या घरी परतले. आनंदरावांच्या वाट्याला धारच यावी या योगायोगाची नोंद ब्रिटिश लेखकांनीही कौतुकाने केली आहे. वंशावळ खरी की जोडलेली, या वादात मला शिरायचे नाही. मला रस आहे तो तिच्या उपयोगात. मलठणला कोणी पवारांना विचारत नव्हते की तुम्ही कुठले. हा प्रश्न फक्त माळव्यात उभा राहत होता आणि त्याचे उत्तरही तिथेच लागत होते. सनद जितकी कच्ची, तितकी वंशावळ पक्की करावी लागते. धार दरबारने पुढे भोजाच्या स्मृतीची आस्थेने जोपासना केली. संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये भोजशाळा–कमालमौला परिसरात ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे दोन अंक कोरलेली शिळा सापडली. परमारकालीन शिलालेखांचा हा अभ्यास विद्वत्तेचा होता यात शंका नाही. पण तो ज्या दरबाराच्या पगारावर झाला, त्या दरबाराला आपण इथलेच आहोत हे सिद्ध होण्यात गोडी होती, यातही शंका नाही.

आनंदराव १७४९ मध्ये वारले. जामिनाच्या कागदावर सही करणारे त्यांचे पुत्र यशवंतराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. मागे राहिला लहानगा खंडेराव आणि कारभार पाहणारा दिवाण. पुढच्या अर्धशतकात धारची जी दशा झाली ती वाचवत नाही. नारायणरावाच्या खुनानंतरच्या धुमाळीत राघोबादादांनी आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवले आणि जानेवारी १७७५ मध्ये शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव, याच किल्ल्यात जन्मला. त्या आश्रयाची किंमत धारला मोजावी लागली. नंतर शिंदे, होळकर आणि पेंढारी यांनी मिळून परगण्यामागून परगणे ओरबाडले. देवासची गत याहून बरी नव्हती. पुण्याची सत्ता ढिली पडली होती, म्हणजे सनद मागे घेणारा हात दुबळा झाला होता. मग माझ्या म्हणण्याप्रमाणे मुक्काम पक्का व्हायला हवा होता. तसे झाले नाही, कारण धनी दुबळा होणे वेगळे आणि त्याच्या जागी हमी देणारा कोणी उभा राहणे वेगळे. हमीवाचूनचे स्वातंत्र्य म्हणजे लुटारूंना मोकळे रान. कंपनी बुडाली म्हणून कोणाला ग्रीन कार्ड मिळत नाही, उलट अर्जच धोक्यात येतो.

तो हमी देणारा, म्हणजे इंग्रज, १८१८ मध्ये आला. देवासचा तह १८१८ च्या डिसेंबरात झाला, धारचा १० जानेवारी १८१९ ला. त्याआधी सहा महिने पेशवाई संपली होती. ज्याने सरंजाम दिला तो धनी ब्रह्मावर्ताला पेन्शन खात बसला आणि त्याचे चाकर राजे झाले. धारला बदनावर, कुक्षी असे गेलेले परगणे परत मिळाले. देवासचा तह विशेष न्याहाळण्यासारखा आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी मिळून तिथला सरंजाम सांभाळला होता आणि त्यातून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन घराणी झाली होती. मुलूख असा वाटला गेला होता की दोघांची गावे एकमेकांत गुंतलेली, आणि देवास शहर एक असून त्यात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. कंपनी सरकारने दोघांशी एकच तह केला आणि दोघांनी एकाच कारभाऱ्यामार्फत व्यवहार करावा असे त्यात घातले. पेशव्याच्या दफ्तरात जी सोय भावाभावांच्या समजुतीवर चालत होती, तिचे इंग्रजी तहाने पक्के राज्य केले, दोन्ही पात्यांसकट. त्यानंतर १९४८ पर्यंत ती वाटणी कोणाला मोडता आली नाही.

इंग्रजांनी हीच हमी पवारांविरुद्ध इतरांनाही दिली, हे इथे सांगितले पाहिजे. माळव्यातले राजपूत ठाकूर आणि गिरासिये मराठ्यांच्या आधीपासूनचे. त्यांचे हक्क आणि तनखे इंग्रज अधिकारी माल्कमच्या बंदोबस्तात लिहून पक्के झाले आणि मराठा राजाला ते परस्पर बुडवता येईनात. मूळ रहिवाशांची बाजू या लेखात कमी आली आहे, पण १८१८ नंतर त्यांचेही संरक्षण त्याच तिसऱ्या सत्तेने केले.

तहाने दिलेला मुक्काम तरी अढळ होता का? १८५७ मध्ये धारला त्याची परीक्षा झाली. राजा अल्पवयीन होता. संस्थानच्या पदरी अफगाण आणि मकराणी भाडोत्री शिपाई होते. कसबी, लढवय्ये, परमुलखातून आणलेले, दरमहा पगारावरचे. त्यांना ना जमीन, ना वतन, ना इथे मुळे. त्यांनी उठाव केला, किल्ला ताब्यात घेतला आणि ऑक्टोबरअखेर इंग्रजी तोफांनी किल्ल्याला खिंडार पाडले तेव्हा रातोरात निसटून गेले. त्यांच्या बंडाची शिक्षा संस्थानाला झाली. धार खालसा झाले आणि १८६० मध्ये तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, पण बैरसिया परगणा भोपाळला देऊन. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही सनद मागे घेता येतच होती, फक्त घेणाऱ्याचे नाव बदलले होते. हा माझ्या मांडणीला धक्का आहे असे कोणी म्हणेल. पण फरक लक्षात घ्यावा. उदाजींना बाजीरावांविरुद्ध दाद मिळाली नाही. धारचा प्रश्न मात्र लंडनपर्यंत गेला आणि तिथे इथल्या अधिकाऱ्यांचा निर्णय फिरला. वर दाद लागते का, यावर मुक्कामाचा पक्केपणा ठरतो. आणि ज्या भाडोत्री शिपायांसाठी कोणीच वर बोलणार नव्हते, त्यांचे मागे काही उरले नाही.

आता खालच्या पायरीवर येऊ, कारण स्थलांतरित म्हणजे केवळ राजघराणी नव्हेत. पवारांच्या मागून कमाविसदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, पुढे शाळामास्तर, ओव्हरसियर आणि वकील आले. कमाविसदाराची नेमणूक वर्षाच्या बोलीची असे आणि तिच्यासाठी आधी रसद, म्हणजे वसुलातली आगाऊ रक्कम, सरकारात भरावी लागे. नोकरी मिळण्याआधी पैसे मोजायचे आणि नंतर ते रयतेतून काढायचे! सावकाराचे कर्ज फिटेपर्यंत माणसाला जागा सोडता येत नसे आणि सरकारलाही त्याला हलवणे महाग पडे. अशाने एकेक वर्ष करता करता एकाच घराण्याकडे परगण्याचा कारभार पिढ्या-दोन पिढ्या राही. दरकदारांची कामे तर वंशपरंपरेने चालत. तलवारबहाद्दर सरदारापेक्षा त्याच्या फडणिसाचा मुक्काम अधिक पक्का होता, असे मला वाटते. त्याची नेमणूक एकाने केलेली आणि पोट दुसऱ्याच्या वसुलावर, म्हणून कोणा एकाच्या रागाने तो उखडला जात नसे. मोडी लिहिणारा, जमाबंदी कळणारा माणूस प्रत्येक नव्या सत्तेला लागतोच, इंग्रजांनाही लागला.

विसाव्या शतकात दरबारांनी कलावंत आणले. वसईत १८८४ साली जन्मलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मुंबईत नावारूपाला आले होते; गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. धार दरबारच्या पुतळ्यांच्या कामाने ते धारला गेले आणि तिथलेच झाले. संस्थान गेले, राजाचे अधिकार गेले, फडके धारलाच राहिले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती भारत सरकारकडून, आणि १९७२ मध्ये धारलाच ते वारले. त्यांच्या स्टुडिओचे नाव तिथे आजही सगळ्यांना माहीत आहे. याच्या अगदी उलट उदाहरण देवासच्या थोरल्या पातीचे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून तिथे आले, काही महिने हिशेब आणि बागा यांच्याशी झटापट करून परत गेले आणि १९५३ मध्ये त्यावर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिले. धनी प्रेमळ होता, नोकरी होती, पण राहण्याचे कारण नव्हते. विशेष म्हणजे त्या धन्यालाच पुढे मुक्काम सोडावा लागला. संस्थानच्या बिघडलेल्या कारभाराची चौकशी मागे लागल्यावर तुकोजीराव १९३३ मध्ये फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. दोनशे वर्षांनी पवारांच्याच वंशजाला परक्या सत्तेचा आश्रय घ्यावा लागला.

शेवटचा आक्षेप असा येईल की संस्थाने विलीन झाल्यावर हा आश्रयच संपला, मग मराठी माणूस तिथे राहिला कसा? १९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला, कारभाराची भाषा हिंदी झाली. १८१८ प्रमाणेच धनी पुन्हा एकदा नाहीसा झाला. पण या खेपेला हमी लवकरच लिहून मिळाली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा आणि वसण्याचा हक्क दिला. सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत रहिवासावरून भेद करायला बंदी केली आणि तशी अट घालायची तर ती फक्त संसदेने, असे ठरवले. १९५७ च्या कायद्याने मोजके प्रदेश वगळता राज्यांतल्या जुन्या रहिवासी अटी रद्दच केल्या. म्हणून संस्थानी कारकुनाचा मुलगा देवासला मास्तर होऊ शकला. पुढे देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा कारखाना आणि धार जिल्ह्यात पिथमपूरला बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा असे कारखाने आले, तेव्हा पुण्याहून गेलेल्या इंजिनिअराला मालकाची सनद लागली नाही. गायक कुमार गंधर्व तर १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात कोरड्या हवेसाठी देवासला आले. त्यांच्यामागे कोणताही दरबार नव्हता. १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, ते तिथेच राहिले.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांची मर्यादा वर्षाला सुमारे १,४०,००० आहे आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जायची नाहीत अशी अट आहे. भारतीयांची रांग लांबली ती त्या सात टक्क्यांमुळे. पण त्या रांगेतल्या माणसाला पहिली खरी मोकळीक मिळाली २००० सालच्या दुरुस्तीने. शेवटच्या टप्प्यातला अर्ज १८० दिवस पडून राहिला तर त्याच स्वरूपाच्या कामावर मालक बदलता येऊ लागला. माझ्या मते त्या रांगेत उभे राहू पाहणाऱ्याने पगाराआधी हेच विचारावे: ज्याने मला आणले तो मला परत पाठवू शकतो का, आणि त्याने पाठवायचे ठरवले तर वर माझे ऐकायला कोणी आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला मिळत नाहीत, त्याने मलठणचे घर विकू नये.